ट्रेलरवर मोटरसायकल: अडतं ते पट्ट्यांपाशी (माझा अनुभव)

गाडी ट्रेलरवर चढवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो बांधण्यात, आणि तो जाऊ द्यायलाच हवा. साइड स्टँडवर उभी गाडी नायलॉनच्या दोरीने आवळून मोकळे होणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. सगळा ताण स्टँडच्या ब्रॅकेटवर येतो. खड्ड्यात गाडी दबली की दोरी क्षणभर सैल पडते आणि स्टँड सरकतो. शिवाय नायलॉन ताणाखाली लांबतं ते वेगळंच.

मी स्टँड वर घेऊन, गाडी गिअरमध्ये टाकून, पुढचं चाक चॉकमध्ये (चाक अडकवून धरणाऱ्या खाचेत) घट्ट बसवतो. मग चार रॅचेट पट्टे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे पट्टे. पुढचे दोन हँडलला लावू नका, हँडल फिरतं आणि केबल चेपतात. खालच्या टीभोवती (पुढचे दोन शॉकअप जोडणारा खालचा आडवा भाग) कापडी फास घालून त्यात हूक अडकवा, म्हणजे रंगही खरवडत नाही. पट्टे पुढे आणि बाहेरच्या बाजूला, साधारण 45 अंशांत उतरले पाहिजेत. डावा-उजवा आळीपाळीने, थोडा थोडा आवळा, नाहीतर गाडी कलते. पुढचे शॉकअप निम्मे दबले की थांबा. पूर्ण दाबले तर धक्का खायला जागा उरत नाही आणि ऑइल सीलवर ताण येतो. कमी दाबले तर खड्ड्यात पट्टा ढिला पडून हूक निसटतो, म्हणून तोंडाला खटका असलेलेच हूक घ्या. मागचे दोन पट्टे चेसीला, बेताच्या ताणाने, फक्त मागचं चाक सरकू नये एवढ्यासाठी. गरम सायलेन्सरला पट्टा टेकला तर वितळतो. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्याने फडफडत नाही.

एवढं करूनही पट्टे सैल होतातच, कारण टायर आणि शॉकअप हादऱ्यांनी बसतात. नाशिकहून मुंबईकडे जाताना विल्होळी ओलांडली की मी थांबून पुन्हा आवळतो, आणि कसारा घाट उतरण्याआधी इगतपुरीला परत एकदा. तेव्हाच ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबला (मधल्या भागाला) हात लावून बघा. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग तपासा.

वजन थोडं पुढे हवं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यावा, नाहीतर वेगात ट्रेलर डोलतो. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 एकटीच 195 किलोची, दोन चढवल्या की 390 किलो. ट्रेलरला आरटीओची नोंदणी लागते, तो कायद्याने मोटार वाहनच आहे.

चढवण्याबद्दल एक राहिलं. फळी ट्रेलरला साखळीने बांधा, नाहीतर मागचं चाक चढताना ती मागे सटकते. इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच दाबून ढकला. मागे घसरायला लागली तर क्लच सोडा. पुढचा ब्रेक तिथे पुरत नाही, चढावर पुढच्या चाकावर वजनच नसतं.

उतरवताना आधी मागचे पट्टे सोडा. पुढचे सोडण्याआधी कोणीतरी हँडल धरलेलं असू द्या, दबलेले शॉकअप एकदम उसळतात.