खिडकीचा वरचा अर्धा भाग

शार्त्रच्या खिडकीचा फोटो माझ्याच सांगण्यावरून कापला गेला होता, हे आधीच कबूल करते.

काचचित्रांवरच्या एका पुस्तकाचं मराठी रूप आम्ही छापायला पाठवणार होतो. भाषांतर, फोटोओळी, शेवटचं प्रूफ, सगळं माझ्याकडे. फ्रान्समधल्या शार्त्र कथीड्रलची ही खिडकी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. विषय चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत, बायबलमधलं लूक, अध्याय 10: लुटारूंनी अर्धमेलं करून टाकलेल्या वाटसरूला शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा माणूस, वाचवतो, ही येशूने सांगितलेली गोष्ट. फोटोत मात्र वरच्या अर्ध्या भागात आदाम, हव्वा, साप आणि एदेन बागेतून हकालपट्टी. मला वाटलं, चुकून दोन खिडक्या एकत्र आल्यात. पानं लावणाऱ्या मुलाला म्हटलं, "वरचा भाग उडव रे, शोमरोनी तेवढा ठेव." पान कसं सुटसुटीत दिसायला लागलं.

दुपारी फादरांचा फोन आला. धर्मशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, आमची बायबलमधली नावं तेच तपासतात.

"ताई, रस्त्यात एक माणूस पडलाय. तो कोण, तेच तुम्ही कापून टाकलंत."

मूळ फाइल उघडून बसले. खिडकी खालून वर वाचायची, हे मला ठाऊकच नव्हतं. तळाशी जोडे शिवणारे कारागीर; खिडकी त्यांनी दिलेली. त्यांच्या वर यरीहोच्या वाटेवरचे लुटारू, बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक), मग जखमीला उतारशाळेत नेणारा शोमरोनी. शेवटी जखमी खाटेवर आणि शोमरोनी त्याच्या उशाशी. तिथून वर सरकलं की देव आदामाला घडवताना दिसतो.

खाटेवरचा आणि वरचा, माणूस एकच.

हा अर्थ खिडकीपेक्षा कितीतरी जुना. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तो लिहून ठेवला, तोही आपल्या आधीच्या कुणा वडीलधाऱ्याच्या नावावर. पुढे संत ऑगस्टीनने एकेक वस्तू सोडवली: यरुशलेम म्हणजे स्वर्गीय नगर, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च. 'अर्धमेला' हा शब्दसुद्धा त्याने सोडला नाही. देवाला ओळखण्यापुरता माणूस जिवंत, पापाने मेलेला.

भारुडातला विंचू म्हणजे नुसता विंचू नव्हे, हे कळायला आपल्याला टीप लागत नाही. पण शोमरोनी जखमीच्या देखभालीसाठी उतारशाळेच्या रखवालदाराला देतो, त्या दोन दिनारांपाशी मी अडले. ओरिजेनला ते पिता आणि पुत्र वाटतात, ऑगस्टीनला प्रीतीच्या दोन आज्ञा. त्याचा उतारशाळेचा रखवालदार तर थेट प्रेषित पौल!

"फादर, ही ओढाताण नाही का? नाणी तीच, अर्थ माणसागणिक वेगळा."

"कॅल्व्हिनही तुमच्याच बाजूचा," ते हसले. सोळाव्या शतकातल्या या प्रोटेस्टंट सुधारकाने ही सगळी जुळवाजुळव झटकून टाकली. शास्त्राचा सरळ अर्थ असा वळवायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्याचं म्हणणं.

मला जोर आला. म्हटलं, "येशूला विचारलेला प्रश्न होता 'माझा शेजारी कोण?' आणि शेवट आहे 'जा आणि तूही तसंच कर.' शोमरोनी ख्रिस्तच असेल, तर मग मी करायचं काय?"

फादर जरा थांबले. "गोष्ट वाचताना तुम्ही कुठे उभ्या असता?"

"शोमरोन्याच्या... म्हणजे, निदान तसं व्हावं म्हणून."

"सगळेच तिथे उभे राहतात. फार झालं तर याजकाच्या जागी, शरमेने. रस्त्यात पडलेला मीच, असं कुणी वाचत नाही. या खिडकीने तुम्हाला खाटेवर निजवलंय, ताई. आधी पट्टी बांधून घ्या, मग 'तूही तसंच कर'कडे जाऊ."

दिनारांचं मला अजूनही पटलेलं नाही. पौलाचं तर नाहीच. पण खाटेवरचा तो माणूस मी मोठा करून पाहिला, बराच वेळ.

पूर्ण फोटो घ्यायचा तर नऊ ओळी कमी करायला हव्या होत्या. दृष्टांत कसा वाचावा, यावर मी झोकात लिहिलेला परिच्छेद काढला. बरोबर नऊ ओळी भरल्या. नवी फोटोओळ लिहिली: 'खालून वर पाहावे. जखमी वाटसरू आणि वरचा आदाम एकच.'

संध्याकाळी पानं लावणारा मुलगा दारात उभा. "मॅडम, फोटो तरीही थोडा लांब होतोय. खालचे ते जोडेवाले उडवू?"

"नको," म्हटलं. "आजच्यापुरतं काहीच उडवू नकोस."