डीआय इंजिन टाकलेली ९४ ची पिकअप विकायला काढली, आतापर्यंतचा हाल

मंडळी, पिकअप विकायला काढली. लोक विचारून राहिले काहून काहून, तर कारण साधं आहे, वापर नाही. भावानं संत्र्याचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याले द्यायला सुरुवात केली तेव्हापासून माल व्यापाऱ्याच्या गाडीत जाते, कॅरेटही त्याचेच, मजूरही त्याचेच, आणि आपली पिकअप शेडमधे कोंबड्यांच्या कामाची. मालवाहू गाडी असल्यामुळे पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, दरवर्षी लागते, १५ वर्षांवरच्या गाड्यांची फी एप्रिल २०२२ पासून वाढली, वरून इन्शुरन्स, पर्यावरण कर, आता नवीन नंबर प्लेटपण. शौक म्हणून ठेवावी तर शेडमधे आधीच दोन जीप उघड्या पडल्या आहेत, घरचे मले त्याच शेडमधे झोपायला लावतील.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. महिंद्राची जुनी जीप-तोंडाची पिकअप, १९९४ चं मॉडेल, एमएच २७, म्हणजे अमरावती पासिंग. कंपनीतून प्यूजोचं एक्सडीपी डिझेल इंजिन आलं होतं, २११२ सीसी. २०१३ मधे ते काढून महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनवालं डिझेल टाकलं, अपघातात गेलेल्या कमांडर जीपमधून. मिस्त्री परतवाड्याचा, मी हाताखाली पान्हे देणारा.

आता इंजिन स्वॅप म्हटलं की लोकाले वाटते पॉवर वाढवली असन. तसं काहीच नाही. एक्सडीपीचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ९० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ८३, म्हणजे आखूड स्ट्रोकचं, फिरायला मोकळं, साडेचार हजार आरपीएमपर्यंत जायचं आणि ६२ हॉर्सपॉवर द्यायचं. डीआयचा बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६. लांब स्ट्रोक, ट्रॅक्टरच्या खानदानातलं इंजिन, खालच्या आरपीएमला दम आहे पण वर ओढलं की नुसतं बोंबलते. त्यामुळे जुन्याच क्राऊन-पिनियनवर, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या जुन्याच गिअरवर, ही गाडी रोडवर ६० च्या पुढे मजा देत नाही, जाते, पण आरसा असा थरथरते की मागचा ट्रक आहे का बैलगाडी तेच समजत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाले पहिल्यांदा सांगतो, कारण नंतर त्याले कळणारच आहे.

मंग टाकलं काहून? एक्सडीपीमधे डिझेल आधी छोट्या चेंबरमधे पेटते, म्हणून त्याले हीटर प्लग लागतात, आणि डिसेंबरमधे पहाटे एक जरी हीटर गेलेला असला की बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत बसा. डीआयमधे डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर, हीटरची भानगडच नाही. दुसरं म्हणजे पार्ट. एक्सडीपीचा चांगला हेड शोधायचा तर नागपूर अमरावती पालथं घालावं लागते, डीआयचं लायनर-पिस्टन कोणत्याही तालुक्याले भेटते आणि ते खोलणारा मिस्त्री त्याहून लवकर भेटते.

विकायच्या आधी काय काय केलं ते सांगतो. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर बसते ते, चारही रबर नवीन टाकले, डीआयच्या हादऱ्यानं ते लवकरच फाटतात. प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस वाजत होता तो बदलला. डिझेल फवारणारे नोझल काढून डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडून चेक करून घेतले, एकाचा फवारा एका बाजूनं पडत होता, धार बसवून आणली आणि काळा धूर बराच कमी झाला. अल्टरनेटरच्या मागच्या व्हॅक्यूम पंपाचा पाइप कडक झाला होता तोही टाकला, कारण ब्रेकचा बूस्टर त्याच्यावरच चालते आणि घाटात गिऱ्हाईकाचा पाय ब्रेकवर असताना प्रयोग नको. डाल्याचा, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाचा, पत्रा दोन ठिकाणी गंजून गेला होता, तिथे नवीन पत्रा वेल्ड केला आणि फाळक्याचे कडी-कोयंडे सरळ केले.

पेंट मारला नाही. मुद्दाम नाही मारला. मिस्त्री म्हणे, "भाऊ, एक हात मारून टाका, वीस हजार वर येतीन." माझं मत उलटं आहे, जुन्या गाडीवर ताजा रंग दिसला की घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका लांबीचीच, म्हणजे रंगाखाली भरलेल्या पुट्टीचीच येते, बोटाच्या हाडानं टकटक करत फिरते आणि मंग जिथे काही नाही तिथेही त्याले लांबीच ऐकू येते. रेडिएटर धुऊन घेतला, सीटले रेक्झिन टाकलं, बस.

गिऱ्हाईकं. पहिला आला दलाल. त्याच्या भाषेत गाडीचं नाव "कटिंग", म्हणजे भंगारच्या हिशेबानं बोलायला सुरुवात. पण लेकाचा हुशार होता. आल्या आल्या बोनेटवर नाही, खाली हात घालून सरळ ब्लॉकले हात लावला, इंजिन आधी गरम करून ठेवलं का ते पाहाले. थंड होतं. मंग स्टार्ट केली, तेलाचं झाकण काढून उलटं करून तसंच तोंडावर ठेवलं आणि पाहत राहिला. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झिजलेल्या पिस्टनच्या बाजूनं दाब खाली येणं, असलं तर ते झाकण नाचून खाली पडते नाहीतर धुराचे भपकारे येतात. झाकण हललं पण पडलं नाही. रेडिएटरचं झाकण काढून बुडबुडे पाहिले, नव्हते. तरी म्हणे ७० हजार. मी १ लाख ३५ सांगत होतो. चहा पाजला, पाठवला. जुनी डिझेल कोणी घेणार असन तर त्याची तपासणी जशीच्या तशी उचला, फुकट आहे.

दुसरा नागपूरचा, आपल्यासारखाच शौकीन, गाडी पाहून खुश, ग्रिल पाहून खुश, डॅशबोर्डवर हात फिरवून खुश. बोनेट उघडलं आणि चेहरा पडला. "ओरिजिनल प्यूजो असतं तर सांगाल ती किंमत दिली असती दादा." मी म्हटलं प्यूजो शेडमधे ताडपत्रीखाली पडून आहे, घेऊन जा. त्यावर त्याचा प्रश्न बरोबर होता, परत ते टाकलं तर आरसीचं काय? तिथेच सौदा थांबला. गडी चांगला होता, जाताना माझ्याकडचा जुना स्पीडोमीटर मात्र घेऊन गेला.

इथे कागदाचं बोलतो, कारण स्वॅप केलेली गाडी विकताना अर्धा भाव कागदाचाच असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणते की बदल करायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या आणि बदल झाला की १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्या. मी २०१३ मधे परवानगी घेऊनच केलं, कमांडरच्या इंजिनाचं बिल, अर्ज, गाडी नेऊन दाखवणं सगळं, म्हणून आज आरसीवर डीआयचाच इंजिन नंबर आहे. नव्यानं कोणी स्वॅपचा विचार करून राहिला असन तर आधी आरटीओत विचारा मंग गॅरेज पाहा, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मधे सांगतलं आहे की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विपरीत बदल चालत नाही. माझ्या ओळखीत एकाची जीप आहे, इंजिन माझ्यापेक्षा झकास, नोंद काहीच नाही, आणि ती कोणी हातात धरत नाही.

तिसरा गिऱ्हाईक धारणीकडचा शेतकरी. सोबत पोरगा आणि गावचा मिस्त्री. त्याले ग्रिलशी घेणंदेणं नव्हतं. त्याचे प्रश्न तीनच, थंडीत सुरू होते का, पार्ट धारणीत भेटतात का, भरून चढते का. मी म्हटलं पहिले दोन मी सांगतो, तिसरं तुम्हीच पाहा. डाल्यात सोयाबीनचे कट्टे टाकले, वर पोरगा बसला, आणि चिखलदऱ्याचा घाट धरला. गाडी काका स्वतः चालवत होते. गावापर्यंत बोलत होते, वळणं सुरू झाल्यावर गप्प. दुसऱ्यात चढली, मधे दोन लांब ठिकाणी तिसराही घेतला, टेम्परेचरचा काटा मधल्या खुणेच्या किंचित वर गेला आणि तिथेच राहिला. वर थांबून त्यांच्या मिस्त्रीनं खाली वाकून मागच्या अॅक्सलच्या हौसिंगले हात लावून पाहिला आणि एवढंच म्हणे, "काका, घ्या. रोडले पळणार नाही, पण आपल्याले कुठं पळायचं हाये?"

सौदा १ लाख १८ ला झाला. मले सव्वाची आशा होती, पण गाडी कामाले लागते आहे आणि कागद साफ होऊन राहिले म्हणून ताणलं नाही. इंजिन नंबर त्यांना तिथेच दाखवला. ब्लॉकवर तेलाचा आणि मातीचा थर होता, डिझेलच्या फडक्यानं पुसला, वरून खडू फासला, आकडे पांढरे उठून दिसले, पोरानं एक एक आकडा मोठ्यानं वाचला आणि काकांनी आरसीवर बोट ठेवून जुळवला. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंटपण काढली, पहिली फाटली, दुसरी बरी आली.

फॉर्म २९ दोन प्रती, फॉर्म ३० वर सह्या, सेल लेटर, गाडी दिल्याची तारीख आणि वेळसुद्धा लिहून घेतली. नुसत्या सह्या करून चावी देऊ नका रे बाप्पा. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असते आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत, आणि २०१८ मधे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाई त्याच्या गळ्यात. म्हणून १० हजार मी मागे ठेवायला सांगतले, नाव चढलं की द्या म्हटलं. काकांना नवल वाटलं, विकणाराच पैसे मागे ठेवा म्हणते, पण त्यामुळे कागदासाठी मी धावतो आणि तेही धावतात. अर्ज गेला आहे, धारणी अमरावती जिल्ह्यातच असल्यामुळे एनओसीची भानगड नाही. नाव अजून चढायचं आहे, चढलं की इथे टाकतो.

राहिलं एक्सडीपी. क्रँक स्टँडर्ड साइज आहे, हेडले क्रॅक नाही, पंप सोबत आहे, फिरवलं तर हातानं फिरते. भंगारात देणार नाही. त्याच्यासाठी महिंद्राच्या ५४० जीपची बॉडी पाहून राहिलो, कागद चालू पाहिजेत आणि इंजिन एक्सडीपीच पाहिजे, गेलेलं असलं तरी चालते. वरूड-मोर्शी पट्ट्यात किंवा यवतमाळकडे कोणाच्या गोठ्यात उभी असन तर फोटो टाका, आरसीचा आधी.