फॅशनवाल्याचा सिनेमा

"फॅशन फोटोग्राफर ना तो? मग सिनेमात नुसता देखणेपणाच असणार!" आज एकजण एका दिग्दर्शकाबद्दल सहज बोलून गेला. ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

मला जेरी शाट्झबर्ग आठवला. 'व्होग' या फॅशन मासिकासाठी फोटो काढणारा, मग सिनेमा दिग्दर्शक झालेला. १९७१ मध्ये त्याने 'द पॅनिक इन नीडल पार्क' केला. न्यूयॉर्कमधलं हेरॉइनच्या विळख्यात सापडलेलं जोडपं, आणि अख्ख्या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. रस्त्याचा गोंगाट तेवढा. १९७३ मध्ये त्याच्या 'स्केअरक्रो'ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला.

गायक बॉब डिलनच्या 'ब्लाँड ऑन ब्लाँड' अल्बमवरचा तो धूसर फोटोही त्याचाच. थंडीने दोघं कुडकुडत होते, म्हणून हलला. डिलनने नेमका तोच निवडला!

चेहरे निरखण्यात ज्याची वर्षं गेली, त्याला माणूस कळतोच, असं मला मनापासून वाटतं. फोटोग्राफीतून सिनेमात आलेले असे आणखी कोण आवडतात तुम्हाला?