दळण

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चार दिवस बंद होती तेव्हा ही गोष्ट लक्षात आली, नाहीतर आलीच नसती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चौथीतला आमचा पोरगा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात दप्तरासकट बसला आणि म्हणाला, पप्पा, जरा थांबा ना. मी थांबलो, खरं सांगायचं तर मलाही थांबायचंच होतं, पण मी दप्तर घेतो असं म्हणून बापाची इज्जत राखली. चोपन्न पायऱ्या आहेत हो फक्त. वर जाऊन दोघं पंख्याखाली बसलो तर आई स्वयंपाकघरातून बघून अहिराणीत म्हणते, काय रे भो, दोन्ही बाप-लेक तापीना पूरमातून पोहीसन उनात का?

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर शोधत बसलो (लोळत लोळत, हे पण कबूल). जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी अंगमेहनतीचं काहीतरी करायला पाहिजे, मध्यम ते जोरदार, आणि आठवड्यात तीन दिवस तरी हाडं-स्नायू बळकट होतील असं, म्हणजे पळणं, उड्या मारणं, चढणं. मध्यम म्हणजे काय याची एक सोपी खूण आहे, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम लागला पाहिजे. बरं, हे साठ मिनिट एका दमात पण करायचं नाहीये, दहा इथे, पंधरा तिथे, असं जमलं तरी चालतं. म्हटलं मग एवढं तर होतच असेल आपल्या पोराचं. आणि हिशोब करायला बसलो.

सकाळी शाळेची व्हॅन गेटपाशी येते, शाळेच्या गेटपाशी सोडते. पीटीचा तास मंगळवारी, पण परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो, आणि परीक्षा कायमच जवळ आलेली असते. संध्याकाळी ट्यूशन. ट्यूशन आमच्या घरापासून सहाशे मीटर, मी एकदा गाडीच्या काट्यावर मोजलंय, आणि त्या सहाशे मीटरसाठी मी रोज स्कूटी काढतो, सोडायला एकदा आणायला एकदा. का? तर ट्रॅफिक आहे, कुत्री आहेत, ऊन आहे, उशीर होतो. ही सगळी कारणं खरी आहेत आणि तरी पण सगळी मिळून खोटी आहेत हे मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, कारण पोरगा आळशी म्हणून मी त्याला बोलायचो आणि त्याचे पाय वापरायची वेळ त्याच्यावर येऊच देत नव्हतो मी.

मग आपण सगळे करतो तेच केलं, क्लास लावला. नाव नाही सांगत. चाळीस पोरं, एक सर, आणि पोराचा नंबर येईपर्यंत तो रांगेत उभा. तासाभरात दहा मिनिटं हलला असेल. बूट अजून आहेत कपाटात, कोणाला पाहिजे असतील तर नवेच आहेत.

आमच्या लहानपणाचं सांगून बोअर नाही करत, पण एक सांगतो. अमळनेरजवळच्या आमच्या गावात आम्हाला कोणी कधी 'खेळ' असं म्हटलेलं मला आठवत नाही. घरातून हाकलून द्यायचे फक्त. गिल्ली-दांडू, लंगडी, आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) निंबाच्या झाडाला बांधलेले झोके, ते होते मुलींचे, सासरहून आलेल्या बहिणींचे, पण दुपारी त्या जेवायला गेल्या की आम्ही पोरं उभ्याने झोका चढवायचो आणि शेंड्याची पानं पायाने तोडायची शर्यत. बाकी वेळ मग म्हशीला पाणी दाखव, वावरात डबा देऊन ये, किराणा आण. व्यायाम कोणीच करत नव्हतं आणि रात्री जेवताना डोळे मिटायचे. ते दिवस फार भारी होते असं नाही, पायाला काटे आणि पाठीला मार पण होताच की.

आता दळण. एका संध्याकाळी आईला कळण्याच्या भाकरीचं पीठ पाहिजे होतं. ज्वारी, त्यात सालासकट काळे उडीद, आणि मीठ पण दळतानाच, हे पॅकेटमध्ये मिळतं म्हणे पण आईसमोर पॅकेटचं नाव काढायची हिंमत घरात कोणाची नाही. चक्की आमच्यापासून एक किलोमीटर, आणि स्कूटी त्या दिवशी पंक्चर. आई पोराला म्हणाली, घरमा बसी बसी काय करस, जाय ना सायकल लिसन. मी म्हटलं, अगं लहान आहे तो. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

डबा कॅरियरला बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी काढली. घट्ट बांधली तर कडी निघत नाही, सैल बांधली तर डबा डुलतो, हे शिकायलाच त्याला अर्धा तास लागला. पाच किलो. पाच किलो मागे असले की सायकल वेगळीच वागते, वळताना ओढते, उभी केली की पुढचं चाक उचलतं. मी गॅलरीतून बघत होतो, दिसेनासा झाला तरी बघत होतो.

पाऊण तासाने आला. केस, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं, आणि घामाने त्या पिठाची गालावर खीर झालेली. पण बोलत किती होता! चक्कीवाले काका पट्टा कसा चढवतात, रांगेत डबे असतात माणसं नसतात, माझ्या आधी कोणाचे तरी गहू होते म्हणून काकांनी आमच्यातली मूठभर ज्वारी आधी टाकून ते पीठ बाजूला काढलं, आणि पप्पा, पीठ गरम असतं! हात लावून बघा! डबा अजून गरम होता. दळताना पीठ गरम होतं हे त्याला माहीतच नव्हतं, कारण त्याने पीठ कायम गारच पाहिलेलं.

दुसऱ्या वेळेला कोपऱ्यावर पडला. झाकण उडालं, किलोभर कळणं रस्त्यावर, आणि एका गाईने ते उभ्या उभ्या साफ केलं. गुडघा फुटला होता तरी घरी आल्यावर पहिली बातमी गाईची. मला वाटलं आता जाणार नाही, तर त्याने पट्टीला दोन गाठी मारायचं ठरवलं.

आमच्या जळगावात एक अडचण मोठी आहे, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेल्यावर बाहेर खेळा म्हणणारा माणूस वेडाच पाहिजे. त्यामुळे सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर, हे आमचं वेळापत्रक. सुट्टीच्या दिवशी पहाटे मेहरुण तलावावर नेतो, तिथे मी चालतो आणि तो माझ्याभोवती पळत गोल मारतो, उपग्रहासारखा. दिवसाच्या उजेडात बाहेर राहणाऱ्या मुलांना लांबच्या नंबरचा चष्मा लागायची शक्यता कमी असते असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याला तो आधीच लागलाय, तर आता धाकटीला पण धरून नेतो. पार्किंगमध्ये पोरांनी खो-खो सुरू केलाय, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला आणि आपल्या पोरांनी-पोरींनी दोन्ही जिंकले, ते यांनी मोबाईलवर पाहिलेलं. नेहमीच्या खो-खोत एका बाजूला नऊ खेळाडू लागतात आणि यांच्याकडे सगळे मिळून सात, म्हणून कमी पडतील तिथे स्कूटी बसवतात. स्कूटीला खो देता येत नाही यावरून रोज भांडण.

ट्यूशनला आता तो पायी जातो. पहिले आठ दिवस मी मागून लपत लपत गेलो, नंतर त्यानेच पाहिलं आणि म्हणाला, पप्पा, तुम्ही दिसता.

एक मात्र कळेना, की आमच्याकडे पीठ इतकं पटापट कसं संपतंय. आधी पाच किलोचं दळण पंधरा दिवस जायचं, आता दर तिसऱ्या दिवशी आईची हाक, दळण आण रे भो. परवा पिठाचा डबा बघितला तर तळाला एवढंसंच. बाजूला ज्वारीची कोठी भरलेली. मी म्हटलं, आई, एवढं कोण खातंय घरात? आई भाकरी थापत होती, थापता थापताच म्हणाली, मी एक किलोच देस त्याले. पाच किलो दिधं तं पोऱ्या पंधरा दिवस घरमाच बसी ना.