चंद्र उगवलाच नव्हता, तरी कॅमेरा थांबलेला

काल संकष्टी. घरचे उपास सोडायला चंद्राची वाट बघत होते, आणि इथे चाळकेवाडीच्या पठारावर आम्हाला दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायला तो उगवण्याआधीचाच वेळ हवा होता. वारा कमी, गायडिंग (दुर्बीण ताऱ्यांमागे अचूक फिरवत ठेवणं) झकास, एम ३३ दीर्घिका डोक्यावर. आणि कधी काय टिपायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर म्हणतंय, सध्या घेण्यासारखं टार्गेटच नाही!

लॉग उघडला. ओळीमागून ओळ तेच कारण: चंद्र जवळ. नियम असा की पौर्णिमेला चंद्रापासून १२० अंश लांब राहायचं, मग तिथी सरकेल तशी सूट वाढते. पण चंद्र क्षितिजाखाली असला तरी हा हिशोब चालूच! चंद्राच्या उंचीची अट घातली आणि मिनिटभरात पहिलं एक्स्पोजर सुरू. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

चंद्रोदयानंतर कॅलिफोर्निया नेब्युला हा तेजोमेघ, हायड्रोजन-अल्फा फिल्टरमधून (हा हायड्रोजनचा लाल प्रकाशच आत सोडतो). ६५६ नॅनोमीटरच्या लाल रेषेला चांदण्याचा त्रास कमी. ऑक्सिजन फिल्टरची ५०१ नॅनोमीटरची रेषा मात्र अमावास्येच्या आसपासच घ्यावी, हे माझं ठाम मत. त्यामुळे मंडळी, दोन्ही फिल्टरना चंद्रापासूनचं एकच अंतर देऊ नका. कुणाला सेटिंग हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, स्क्रीनशॉट टाकतो.