टफबुक सीएफ-३१: फॉरमॅट मारण्याआधी आणि नंतर

पॅनासॉनिकची टफबुक ही दणकट लॅपटॉपची मालिका १९९६ पासून आहे. जुन्या बाजारात तिच्यातलं बऱ्यापैकी सहज मिळणारं आणि अजूनही खरोखर कामाचं मॉडेल म्हणजे सीएफ-३१. तेरा इंची स्क्रीन, १०२४ × ७६८ रिझोल्यूशन, वजन पावणेचार किलोच्या आसपास, धूळ-पाण्यासाठी आयपी-६५, आणि मागे अस्सल नऊ पिनांचा आरएस-२३२, म्हणजे जुन्या यंत्रांशी बोलणारा सिरियल पोर्ट. भोसरी, सातपूर, शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतींत जुनी सीएनसी मशीन (संगणकाने चालणारी) किंवा पीएलसी (यंत्रांचं काम चालवणारे छोटे नियंत्रक) सांभाळणाऱ्यांना असा लॅपटॉप हवा असतो तो या पोर्टसाठीच. नवी सिस्टीम टाकायला अर्धा तास पुरतो. पण त्यानंतर टच भलतीकडे लागतो, वायफाय गायब होतं, सिरियल पोर्ट उघडत नाही, आणि यंत्र बाद झालं असं लोक समजतात. यंत्र शाबूत असतं, आधीची तयारी राहून गेलेली असते.

पहिली गोष्ट पैसे देण्याआधीची. यातले बरेच लॅपटॉप अमेरिकेतल्या पोलीस गाड्यांतून किंवा सरकारी खात्यांतून निघालेले असतात. लॅपटॉप सुरू करून पॅनासॉनिकचं नाव दिसताच एफ-२ दाबा, म्हणजे बायोस (सिस्टीमच्या आधी सुरू होणारं यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर) उघडतं. सुपरवायझर पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल, तर सौदा सोडून द्या. बॅटरी काढून ठेवल्याने तो पासवर्ड जात नाही, आणि तो असेपर्यंत बूटचा क्रम तुमच्या हातात येत नाही.

आता पिढी ओळखा. सीएफ-३१ च्या पाच पिढ्या आहेत, त्यांना एमके-१ ते एमके-५ म्हणतात, आणि प्रोसेसरवरून त्या कळतात. आय-५ ५२०एम किंवा ५४०एम असेल तर पहिली, २५२०एम म्हणजे दुसरी, ३३२०एम तिसरी, ३३४०एम चौथी आणि ५३००यू पाचवी. ड्रायव्हर किंवा बायोस शोधताना मात्र नुसतं 'सीएफ-३१' चालत नाही, तळाच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लागतो. त्याच लेबलवर अ‍ॅडॅप्टरचा व्होल्टेजही वाचून घ्या. याला १५.६ व्होल्ट लागतात, घरातला १९ व्होल्टचा नेहमीचा चार्जर पिन बसते म्हणून लावू नका.

कोणती सिस्टीम घालायची? विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी लागते, त्यामुळे यातली एकही पिढी अधिकृतपणे त्यात बसत नाही. आडवाटेने ते घालता येतं, पण शॉप-फ्लोअरवरच्या लॅपटॉपवर पुढचा अपडेट बसेल की नाही याची चिंता कशाला? माझं स्पष्ट मत लिनक्स मिंट २२ च्या बाजूने आहे. त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, ४ जीबी रॅममध्ये ते ठीक चालतं, आणि मिंटवाले जे रिझोल्यूशन सुचवतात ते १०२४ × ७६८, म्हणजे नेमकं या स्क्रीनचं. एखादी खिडकी तरी खाली कापली गेलीच, तर ऑल्ट दाबून माउसने ती वर ओढता येते. जुनं पीएलसी सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वरच चालत असेल, तर ते मिंटच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) ठेवायचं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

जुनी डिस्क पुसू नका. नवी १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी घ्या आणि जुनी डिस्क चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. फोटो-फायलींसाठी नव्हे, लायसन्ससाठी. सीमेन्सच्या स्टेप-७ सारख्या पीएलसी सॉफ्टवेअरची लायसन्स-की डिस्कवरच असते. डिस्क फॉरमॅट केल्यावर ती की गेलीच, आणि नुसता क्लोन केल्यानेही ती चालेल याचा भरवसा नाही. जुनी सिस्टीम अजून सुरू होत असेल तर आधी ऑटोमेशन लायसन्स मॅनेजर उघडून की पेनड्राइव्हवर हलवा, आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या.

या लॅपटॉपमध्ये डिस्क थेट बसत नाही, ती एका कॅडीत (बाहेर काढता येणाऱ्या डब्यात) असते. कॅडीत डिस्क, तिच्याभोवती फोम, थंडीत डिस्क गरम करणारा हीटर आणि एक पातळ चपटी केबल असते. घोटाळा बहुतेक या केबलमुळेच होतो. डिस्क काढताना केबल ओढू नका, कनेक्टर दोन्ही बाजूंनी थोडा थोडा सरकवत सोडवा. जुनी हार्ड डिस्क ९.५ मिलिमीटर जाड आणि एसएसडी ७ मिलिमीटर, म्हणून उरलेल्या अडीच मिलिमीटरला प्लास्टिकची पट्टी किंवा फोम द्या. नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी कनेक्टर हळूहळू सैल होतो. इन्स्टॉल अर्ध्यावर थांबू लागलं किंवा डिस्क मध्येच दिसेनाशी झाली, तर स्मार्ट रिपोर्टमधल्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतल्या) दोन ओळी बघा. १९९ क्रमांकाचा सीआरसी एररचा (डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर आधी केबलवर संशय घ्या. ५ क्रमांकाचा, रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्याने बदललेल्या जागांचा) आकडा वाढत असेल तर डिस्कच जातेय. या दोन ओळी न बघता लोक दुसरी एसएसडी विकत आणतात, आणि ती त्याच मोडक्या केबलला लावतात.

बायोसमध्ये एफ-९ ने मूळ सेटिंग आणा आणि साटा मोड एएचसीआय आहे ना ते बघा. सिरियल पोर्ट सुरू ठेवा, व्हर्च्युअल मशीन लागणार असेल तर इंटेल व्हर्च्युअलायझेशनही सुरू करा, आणि एफ-१० ने जतन करा. यूईएफआयचा (बायोसच्या नव्या पद्धतीचा) पर्याय दिसत नसेल तर रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना एमबीआर आणि बायोस निवडायचं, जीपीटी नाही. 'पेनड्राइव्ह दिसतच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तो लॅपटॉपच्याच पोर्टमध्ये लावा, हबमध्ये नको. डाउनलोड केलेल्या फाइलचा शा-२५६ आकडा (फाइल पूर्ण आणि अस्सल असल्याची खूण) जुळवून घ्यायला दोन मिनिटं लागतात, ती वाचवू नका.

तारीख आणि वेळही इथेच तपासा. इतक्या जुन्या यंत्राची घड्याळाची बॅटरी संपलेली असण्याची शक्यता दाट असते. घड्याळ दहा वर्षं मागे राहिलं तर इन्स्टॉल नीट होतं, पण नंतर एकही वेबसाइट उघडत नाही आणि अपडेट 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून अडतं. नेटवर्क तपासण्यात तास जातो, आणि चूक असते घड्याळात.

प्रत्यक्ष इन्स्टॉलमध्ये सांगण्यासारखं फारसं नाही. पूर्ण डिस्क द्या, वेगळी स्वॅप पार्टिशन लागत नाही. सुरू होताना स्क्रीन काळी राहिली तर मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडा.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर वायफाय दिसलं नाही तर ड्रायव्हर शोधत बसू नका, बॉडीवर वायरलेसचा सरकता स्विच आहे, तो बघा. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' दिल्यावर 'हार्ड ब्लॉक्ड: येस' आलं तर कारण तो स्विच किंवा बायोसमधलं वायरलेसचं सेटिंग आहे, सॉफ्टवेअर नव्हे. आतलं कार्ड सहसा इंटेलचं असतं आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.

आता टच. हा पडदा रेझिस्टिव्ह आहे, दाबावर चालतो, म्हणून हातमोजे घालूनही वापरता येतो. पण नव्या सिस्टीमला त्याच्या कडा माहीत नसतात. बोट एकीकडे आणि बाण दुसरीकडे, किंवा डावं-उजवं उलटं, हे अपेक्षितच आहे. कॅलिब्रेटर (टच जुळवण्याचा प्रोग्रॅम) चालवा, पण त्याने दिलेले किमान-कमाल आकडे जसेच्या तसे वापरू नका. आजचा लिबइनपुट ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतही नाही, त्याला नऊ आकड्यांची मॅट्रिक्स लागते. डावं-उजवं उलटं असेल तर -१ ० १ ० १ ० ० ० १, वर-खाली उलटं असेल तर १ ० ० ० -१ १ ० ० १ (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक). नुसता थोडा फरक असेल तर पहिला आणि पाचवा आकडा ताण ठरवतात, तिसरा आणि सहावा सरक. मिंटचं सिनॅमन डेस्कटॉप एक्स-११ या पडदा चालवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर चालतं म्हणून हे सरळ होतं. वेलँड या नव्या व्यवस्थेवर मात्र याच मॅट्रिक्सचे पहिले सहा आकडे यूडेव्हच्या (उपकरणं ओळखणाऱ्या भागाच्या) नियमात लिहावे लागतात.

सिरियल पोर्ट टीटीवायएस-० या नावाने दिसतो. 'परवानगी नाही' असं आलं तर स्वतःचं खातं डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या, नुसती खिडकी बंद करून भागत नाही. मशीनला जोडण्याआधी पोर्ट तपासा. पिन २ आणि ३ एका तारेने जोडा, मिनिकॉम या सिरियल पोर्टवर बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा आणि काहीतरी टाइप करा. तेच अक्षर परत आलं तर पोर्ट ठीक. फ्लो कंट्रोल चालू राहिला तर चांगला पोर्टही मुका वाटतो. बऱ्याच जुन्या फानुक कंपनीच्या सीएनसी कंट्रोलवर ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी आणि २ स्टॉप बिट असतात, तर मिनिकॉम ८-एन-१ वर (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) सुरू होतं. हे जुळलं नाही तर प्रोग्रॅमच्या जागी कचरा उमटतो.

विंडोज ७ चं व्हर्च्युअल मशीन करायचं तर रॅम ८ जीबी करा, त्यातली ३ जीबी त्याला द्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या सिरियल पोर्ट सेटिंगमध्ये 'होस्ट डिव्हाइस' निवडून टीटीवायएस-० चा मार्ग लिहा, म्हणजे आतल्या विंडोजला तो कॉम-१ दिसतो. नेटवर्क कार्ड मात्र काढून टाका. आधार संपलेल्या सिस्टीमला इंटरनेट देण्याचं काहीच कारण नाही, फायली शेअर्ड फोल्डरमधून जातात.

सगळं चालू लागलं की क्लोनझिलाने त्या एसएसडीची प्रत काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मग कॅडीच्या झाकणाभोवतीची रबरी गॅस्केट ओल्या फडक्याने पुसा, चीर गेली आहे का बघा, आणि लॅच पूर्ण बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. ती अर्धवट बसली तर आयपी-६५ फक्त कागदावर राहतं, आणि कूलंटचे थेंब थेट त्या चपट्या केबलवर जातात.