पावसाळ्यात टाकीत पाणी: पंपाचं की आपलंच?

जून ते सप्टेंबर गोव्यात दुचाकी आचके देत बंद पडली की पहिला संशय पेट्रोल पंपावर जातो. कधी तो खराही ठरतो. पण पाणी टाकीत शिरायला दोन वाटा आहेत, आणि त्यातली एक आपल्याच गाडीवर आहे.

आधी कारण समजून घ्या. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषतं. थोडं पाणी विरघळून जातं, पत्ताही लागत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल तळातूनच मिळतं, म्हणून आधी हाच थर आत जातो. नुसतं खालचं पाणी काढून भागत नाही: इथेनॉल गेल्यामुळे वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न पडता जळण्याचा गुण) उतरलेला असतो. टाकी पूर्ण रिकामी करावी, कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) असेल तर त्याची पेट्रोल साठवणारी वाटीही. आणि तोवर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये; फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तिचा इंधनपंप आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर खराब होतात.

काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत स्थिर ठेवा. दोन थर दिसले की पाणी नक्की.

आता आपली वाट. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खळग्यात पाणी निचरायला बारीक भोक असतं. ते माती-पाल्याने बुजलं की पाणी तिथेच साचतं आणि कडक झालेल्या रबराखालून आत झिरपतं. उघड्यावर भिजत उभ्या असलेल्या भाड्याच्या गाड्यांत हे फार होतं. भोकात पातळ तार फिरवा, रबर चिरलेलं असेल तर बदला. खर्च किरकोळ आहे, पण पावसाआधी हे करणारे थोडेच.

दोष पंपाचा असेल तर तो सहसा एकट्या गाडीपुरता राहत नाही. त्याच वेळी भरलेल्या इतर गाड्याही अडतात. म्हणून वेळ छापलेलं बिल जपून ठेवा. पंपावर जमिनीखालच्या टाकीत बुडवायच्या डिप रॉडला (मापाच्या दांडीला) पेस्ट लावून पाणी तपासतात. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. इथेनॉलच्या पेट्रोलला त्यासाठीची खास पेस्ट लागते, हे मुद्दाम विचारावं. टँकर उतरत असेल तर थांबू नका, पुढच्या पंपावर जा: टाकीतला तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

फिल्टर पेपरची चाचणी मागितली तर पंपाने करून द्यायची असते. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा. दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. मात्र ही भेसळीची चाचणी, पाण्याची नव्हे. मापाबद्दल शंका असेल तर शिक्क्याचं ५ लिटरचं माप मागा. ते आधी ओलं करून निथळून घ्यावं, मग भरावं. ५ लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो.